पैसे येताना पिन लागत नाही: मोबाइलवरून नव्यानं व्यवहार करणाऱ्यांसाठी

तुमच्या खात्यात पैसे यायचे असतील तर तुम्हाला काहीही करावं लागत नाही. पिन टाकावा लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, कुठली फाइल उघडावी लागत नाही. अडत्यानं सोयाबीनचे पैसे टाकले की मोबाइल वाजतो आणि पैसे जमा झालेले असतात. तुम्ही तेव्हा रानात असा नाहीतर झोपेत असा. पिन लागतो तो पैसे जाताना, फार तर अ‍ॅपमध्ये शिल्लक बघताना. एवढी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसली तर निम्मे चोर दारातूनच परत जातात. म्हणून मी ती माझ्या केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवली आहे.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, केवायसी अशी रोजची कामं. अलीकडं लोक कागदांबरोबर मोबाइलही पुढं करतात आणि विचारतात, "दादा, बघ बरं, हे काय झालंय?" बहुतेकदा तोवर पैसे गेलेले असतात. ज्यांनी नुकताच स्मार्टफोन घेतलाय, ज्यांच्या पोरानं पुण्याला जाताना यूपीआय चालू करून दिलंय, त्यांनी ती वेळ येण्याआधी काय करावं, ते इथं क्रमानं सांगतो.

पहिलं काम: मोठं खातं मोबाइलपासून लांब ठेवा

यूपीआय २०१६ साली आलं. त्याची खुबी अशी की पैसे डोळ्याची पापणी लवायच्या आत पोचतात. धोकाही त्यातच आहे. चेक थांबवता येतो, पण यूपीआयनं गेलेले पैसे तुम्हाला स्वतःहून मागं खेचता येत नाहीत.

म्हणून दोन खाती ठेवा. एक घरचं मुख्य खातं, ज्यात शेतमालाचे, पगाराचे, अनुदानाचे पैसे येतात. ते यूपीआय अ‍ॅपला जोडूच नका आणि त्याचं एटीएम कार्ड घरी कुलपात ठेवा. दुसरं लहान खातं, तेवढं मोबाइलला जोडा आणि त्यात आठवड्याच्या खर्चापुरते दोन-तीन हजार टाकत चला. बँकेत एक चक्कर जास्त होईल. पण चूक झालीच, तर जे जाईल ते आठवड्याच्या खर्चाचं जाईल, बियाण्याचं नाही. बँकेच्या अ‍ॅपमधून रोजची मर्यादाही कमी करून घेता येते. जमत नसेल तर शाखेत जाऊन सांगा.

मग मोबाइलला स्क्रीनलॉक लावा. यूपीआयचा पिन आणि स्क्रीनलॉकचा आकडा वेगवेगळा ठेवा, आणि जन्मसाल तर कशालाच नको. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी असते, ती चालू करा. ती नसेल तर तुमच्याकडून सहा अंकी कोड काढून घेणारा माणूस तुमच्याच नावानं तुमच्या सोयऱ्यांकडं पैसे मागतो.

आता अंगठ्याचं. आधारशी जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे निघतात, तिथं पिनही नाही आणि ओटीपीही नाही. आधारच्या अ‍ॅपवरून किंवा संकेतस्थळावरून तुमचे ठसे कुलूपबंद करता येतात आणि केवायसीच्या दिवशी तेवढ्यापुरते उघडता येतात. मी स्वतः केंद्र चालवतो, तरी सांगतो: कुठल्याही केंद्रावर किंवा बँक मित्राकडं अंगठा लावण्याआधी पडद्यावरची रक्कम बघा आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. "ठसा नीट आला नाही, परत लावा" असं कोणी म्हणालं तर आधीचा व्यवहार खरंच फसला का ते विचारा. विचारलेलं प्रामाणिक माणसाला कधीच वाईट वाटत नाही.

दुसरं काम: हंगाम ओळखा

चोरांनाही आपली पिकं कळतात, हे मला फार उशिरा लक्षात आलं. जुलैत पीक विम्याची मुदत जवळ आली की विम्याच्या नावाचे मेसेज फिरतात. पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता पडायच्या आसपास "केवायसी राहिली, हप्ता अडकला" सुरू होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पाण्यानं रानंच्या रानं खरवडून नेली. अशा वेळी अनुदान कधी पडतंय याकडं घरोघर डोळे लागलेले असतात, आणि अनुदान मिळवून देतो म्हणणाराचा फोनही नेमका तेव्हाच येतो. लाडकी बहीणच्या ई-केवायसीसारखीच दिसणारी खोटी संकेतस्थळं निघाली. सौर कृषी पंपाच्या नावानं खोटे अर्ज निघतात, ज्यात "तुमचा हिस्सा" भरायला म्हणून कुणाच्या तरी खासगी खात्याचा क्यूआर देतात. लातूरला प्रवेशाच्या दिवसांत मुलांच्या आईबापांना "मार्क वाढवून देतो, सीट पक्की करतो" असे फोन येतात.

ज्या गोष्टीची तुम्ही वाट बघताय, तिच्याच नावानं मेसेज येतो. म्हणून तो खरा वाटतो.

माझ्याकडं एक मामा आले होते, घामाघूम. "बारा वाजेपर्यंत फाइल उघडा, नसता अनुदान परत जातंय म्हणू लागलाय तो." फाइल गावच्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली होती, तीही ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून. नाव होतं योजनेचं आणि शेवटी लिहिलं होतं एपीके (इंग्रजीत .apk). हे तीन अक्षरी शेपूट ओळखायला शिका. एपीके म्हणजे कागद नाही, फोटो नाही, यादीही नाही. ते अख्खं अ‍ॅप असतं. उघडलं की ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, तुम्ही 'हो' म्हणता, आणि तिथून पुढं बँकेचा प्रत्येक ओटीपी तुमच्याआधी चोराला दिसतो. शिवाय तीच फाइल तुमच्या नंबरवरून पुढं सगळ्यांना जाते. म्हणूनच ती ओळखीच्याकडून आलेली असते. त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसतं. लग्नाची पत्रिका, वाहनाचं चलन, लाभार्थ्यांची यादी, अशी त्याची रूपं रोज बदलतात, शेपूट मात्र तेच राहतं.

खरं अनुदान कसं येतं ते एकदा नीट समजून घ्या म्हणजे खोटं लगेच ओळखू येईल. पंचनामा होतो, गावाची यादी लागते, तलाठ्याकडं तुमच्या नावापुढं विशिष्ट क्रमांक असतो. केवायसी लागली तर ती केंद्रावर अंगठा लावून होते, आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात आपोआप पडतात. यात कुठंही व्हॉट्सअ‍ॅपवरची फाइल नाही आणि कुठंही ओटीपी विचारणारा फोन नाही. शंका आली तर तलाठ्याला किंवा कृषी सहायकाला विचारा. अनुदान बारा वाजता परत जात नसतं.

एपीके चुकून उघडलीच असेल तर लगेच मोबाइलचं नेट बंद करा, सिम काढा, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा. अ‍ॅप काढून टाकणं ही त्यानंतरची गोष्ट. मोबाइल पूर्ण कोरा करून घेतलेला सगळ्यात बरा. फोटो जातील, पण पैसे वाचतील.

तिसरं काम: गिफ्ट कार्ड म्हणजे रोकड, हे समजून घ्या

गिफ्ट कार्ड आपल्याकडं नवीन आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

ऑनलाइन दुकानाचं किंवा मोबाइलवरच्या खेळांचं, अ‍ॅपचं असं एक कार्ड मिळतं. काही दुकानांत छापील मिळतं आणि खरवडल्यावर कोड दिसतो. बहुतेक वेळा मात्र ईमेलवर किंवा मेसेजमध्ये नुसता कोडच येतो. त्या कोडवर कुणाचं नाव नसतं. जो आधी टाकेल, पैसे त्याचे. म्हणजे कार्ड हातात असण्याला काही अर्थ नाही. कोडचा फोटो पाठवला की नोटांचं बंडल दिलं असं समजा.

चोराला हे का आवडतं? बँकेत पैसे घ्यायचे तर खातं लागतं, त्या खात्याला केवायसी असते, तक्रार झाली तर ते गोठवता येतं. कोड घेतला की तो काही मिनिटांत दुसऱ्या कुणाला कमी भावात विकून मोकळा होतो. गोठवायला मागं खातंच उरत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं एका गिफ्ट कार्डात जास्तीत जास्त १०,००० रुपये ठेवता येतात, म्हणून तो एक कार्ड कधी मागत नाही, चार मागतो, पाच मागतो. "दहा-दहा हजारांची काढा" हे वाक्य ऐकलं की समोरचा कोण आहे ते ओळखा.

ज्या गुरुजींनी मला चौथीत शिकवलं, ते एका दुपारी ईमेल उघडून मागायला आले. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एका मोठ्या अधिकाऱ्याचा फोटो असलेल्या नंबरवरून मेसेज आला होता: मी बैठकीत आहे, फोन घेता येणार नाही, तातडीचं काम आहे, दहा हजारांची चार कार्डं घेऊन कोड पाठवा, संध्याकाळी पैसे देतो. गुरुजींनी चारही घेतली होती. तीन कोड पाठवून झाले होते, चौथा ईमेलमध्ये सापडत नव्हता. मी विचारलं, "गुरुजी, साहेबांना गिफ्ट कार्ड कशाला लागतंय?" ते गप्प झाले. मग म्हणाले, "एवढ्या मोठ्या माणसाला उलटं कसं विचारावं? धीर झाला नाही बघ." चाळीस वर्षं वर्गात पोरांना प्रश्न विचारायला शिकवणारा माणूस एका फोटोपुढं गप्प बसला. त्यात त्यांच्या अकलेचा दोष नाही. चोरानं त्यांच्या आदरावर हात टाकला होता. चौथा कोड आम्ही तिथंच गुरुजींच्या स्वतःच्या खात्यात भरून घेतला, तेवढे दहा हजार राहिले.

तर करायचं ते असं. फोटो आणि नाव बघून विश्वास ठेवू नका, नंबर बघा. साहेबांचा, संस्थाचालकांचा, मेहुण्याचा जो नंबर तुमच्याकडं आधीपासून आहे त्यावर स्वतः फोन लावा. ते फोन घेत नसतील तर घेईपर्यंत थांबा. कुठलंही सरकारी कार्यालय, पोलीस, बँक, वीज कंपनी किंवा न्यायालय दंड, बिल, फी यातलं काहीही गिफ्ट कार्डानं घेत नाही. याला एकही अपवाद नाही.

कोड गेलाच असेल तर तो उरला असण्याची थोडी आशा असते. ज्या कंपनीचं कार्ड आहे तिच्या अ‍ॅपमधल्या मदत विभागात जाऊन कार्डाचा नंबर आणि खरेदीची पावती द्या, कार्ड थांबवायला सांगा. कंपनीचा फोन नंबर गूगलवर शोधू नका. तिथं खोटे ग्राहक सेवा क्रमांक पेरलेले असतात आणि एका फसवणुकीतून तुम्ही दुसरीत जाल.

दिवाळीत "तुम्हाला गिफ्ट कार्ड लागलं" म्हणून स्क्रॅच कार्डाची लिंक येते. खरवडलं की १,९९९ रुपये दिसतात आणि "खात्यात घ्या" दाबलं की यूपीआयचा पिन मागतात. पैसे येताना पिन लागत नाही. टेलिग्रामवर हजाराचं कार्ड सहाशेला विकणाराकडूनही घेऊ नका. तो कोड एक तर वापरलेला असतो, नाहीतर कुणाला तरी लुबाडून मिळवलेला असतो.

बाकीचे फोन थोडक्यात

"मी फौजी आहे, तुमची बैल-जोडी घ्यायची, ट्रॅक्टर घ्यायचा, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील." येत नाहीत, जातात. ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसानं दुसऱ्याकडं पैसे मागायची यूपीआयमधली सोय बंद झाली आहे, पण व्यापाऱ्याच्या नावानं मागणी अजूनही येऊ शकते.

"आज रात्री साडेनऊला वीज कापणार, या नंबरवर बोला." बिलाची चौकशी महावितरणच्या १९१२ वर करा.

"चुकून तुमच्या खात्यात पाच हजार आले, परत पाठवा." मेसेजवर जाऊ नका, मेसेज कुणीही लिहू शकतो. अ‍ॅपमध्ये किंवा पासबुकात शिल्लक बघा. खरंच आले असतील तर त्याला म्हणावं, तुझ्या बँकेला सांग, बँक बघून घेईल.

मदत करतो म्हणून मोबाइलचा पडदा दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावणारा, स्टार ४०१ पासून सुरू होणारा नंबर फिरवायला सांगणारा: फोन ठेवून द्या. त्या नंबरानं तुमचे फोन त्याच्याकडं वळतात.

गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येऊन "तुमच्या आधारवर गुन्हा आहे, घराबाहेर पडू नका, कुणाला सांगू नका" म्हणतो, हा प्रकार निवृत्त माणसांना फार घाबरवतो. भारताच्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी मन की बातमध्येही हे सांगितलं होतं. पोलीस व्हिडिओवर अटक करत नाहीत आणि चौकशीसाठी पैसे मागत नाहीत. "कुणाला सांगू नका" म्हटलं की त्याच क्षणी कुणाला तरी सांगा. शेजारच्या पोरालाही चालेल.

बँकेचं संकेतस्थळ उघडताना शेवट बघा. रिझर्व्ह बँकेनं बँकांना डॉट बँक डॉट इन असा पत्ता घ्यायला लावला आहे. बँकांच्या व्यवहाराच्या फोनसाठी १६०० पासून सुरू होणारे नंबर ठरले आहेत, त्यामुळं दहा आकडी मोबाइलवरून "मॅनेजर बोलतोय" म्हणणाराला शाखेत येऊन भेटतो असं सांगा.

दुकानदारांनी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरची हिरवी खूण बघून माल देऊ नये. तशी खूण दाखवणारी खोटी अ‍ॅप आहेत. आवाज देणारा डबा बोलू द्या किंवा स्वतःचं अ‍ॅप बघा. रोज सकाळी आपल्या क्यूआरवर कुणी दुसरा कागद चिकटवला नाही ना तेही नखानं तपासा.

कॉलेजच्या पोरांसाठी एक गोष्ट, आणि ती अगदी कळकळीनं. "तुझं खातं महिनाभर दे, पाच हजार घे" असं कुणी मित्र म्हणेल. त्या खात्यातून दुसऱ्याच्या घामाचे पैसे फिरतात, आणि पोलीस येतात ते खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात. एटीएम कार्ड, सिम आणि पासबुक भाड्यानं द्यायची वस्तू नाही. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच बंद करायला सांगता येतं.

पैसे गेले तर: पहिला तास

लोक माझ्याकडं दोन दिवसांनी येतात. विचारलं तर म्हणतात, घरी कळेल म्हणून गप्प बसलो. एका मावशींनी तर तीन आठवडे नवऱ्याला सांगितलं नव्हतं. इतकी लाज वाटायचं काही कारण नाही. तुम्ही चोरी केलेली नाही, तुमची चोरी झाली आहे. घरच्यांनाही हात जोडून सांगणं आहे, की त्या तासाभरात "तुला अक्कल नाही का" हे वाक्य गिळा. ते ऐकावं लागेल या भीतीनंच माणूस गप्प राहतो, आणि तेवढ्या वेळात पैसे चार खाती ओलांडतात.

आधी १९३० हा नंबर लावा. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. लागला नाही तर पुन्हा पुन्हा लावत राहा, आणि घरातलं दुसरं माणूस त्याच वेळी बँकेला फोन करू द्या. हाताशी एवढं ठेवा: बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ, व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक आणि चोराचा नंबर. बारा आकडी क्रमांक यूपीआय अ‍ॅपच्या व्यवहारात दिसतो. तक्रार गेली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवलं जातं, आणि तिथं रक्कम शिल्लक असेल तर ती अडवली जाते. घाई करायची ती इथं.

त्याच दिवशी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार पूर्ण भरा. चॅट, नंबर, पावत्या यांचे फोटो काढून ठेवा, रागानं काहीही पुसू नका. मग पोलीस ठाण्यात जा. हद्दीचा प्रश्न काढून परत पाठवू लागले तर शून्य क्रमांकानं (झिरो एफआयआर) गुन्हा नोंदवायची मागणी करा. कुठल्याही ठाण्याला ती सोय आहे. बँकेत लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर शिक्का, तारीख, वेळ घ्या.

वेळ का घ्यायची ते ऐका. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानं एक नियम घातला. तुमची आणि बँकेची दोघांचीही चूक नसताना पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर भार येत नाही. तुम्ही स्वतः ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. पोच घेतलेली वेळ हाच त्याचा पुरावा. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते. त्यासाठी १४४४८ वर माहिती मिळते, वकील लागत नाही.

पुढच्या काही आठवड्यांत आणखी एक फोन येईल. "तुमचे गेलेले पैसे सापडले आहेत, सोडवायची फी भरा." तुमचं नाव आणि गेलेली रक्कमही त्याला ठाऊक असेल, कारण फसलेल्यांच्या याद्या चोरांमध्ये विकल्या जातात. अडवलेली रक्कम रीतसर आदेशानं तुमच्या खात्यात परत येते. ती सोडवण्यासाठी कुणाला फोनवरून फी द्यावी लागत नाही. तक्रारीचा क्रमांक, अर्जाची पोच आणि पोलिसांचा कागद एका पिशवीत घालून पासबुकाजवळ ठेवा. पैसे परत मिळवायचा अर्ज करायच्या वेळी हे कागद लागतात.